अंगणातल्या स्पीकरसाठी ॲम्प्लिफायर: खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या घर-सजावटीच्या पानावर अंगण, ओसरी आणि बागेत लावायच्या स्पीकरबद्दल नुकताच मजकूर आला. स्पीकरची निवड, त्यांची जागा, पावसापासून संरक्षण हे सगळे त्यात नीट सांगितले होते. ॲम्प्लिफायरबद्दल मात्र एकच वाक्य होते: स्पीकरच्या दुप्पट वॅटचा घ्या. हा सल्ला वाचून माणूस दुकानात जाईल, खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा असलेला स्वस्त डबा उचलेल आणि फसेल. स्वस्तातला ॲम्प्लिफायर उत्तम काम देऊ शकतो, पण तो निवडायचा तर वॅटऐवजी ॲडाप्टरचे व्होल्ट आणि स्पीकरचे ओहम (म्हणजे विजेला होणारा रोध) बघावे लागतात. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी लिहितो आहे.

आधी गरज किती ते पाहू. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, समजा ८८ डेसिबल. याचा अर्थ, १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ८८ डेसिबल आवाज. ८ ओहमच्या स्पीकरला १ वॅट म्हणजे २.८३ व्होल्ट, म्हणून पुष्कळ पत्रकांत हाच आकडा छापलेला दिसतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती आणि छत तो परत फेकतात, अंगणात तो निघून जातो तो कायमचाच. तेव्हा ४ मीटरवर बसलेल्या माणसाला १ वॅटमध्ये साधारण ७६ डेसिबल मिळतात. मीटरभर अंतरावरचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे ७६ डेसिबल हा गप्पांवर मात करणारा आवाज झाला. आता संगीतातले ठोके सरासरीच्या १० डेसिबल वर उसळतात आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. एकूण गरज निघाली १० वॅटची. हाताशी थोडे राखून ठेवायचे म्हणून २० ते ३० वॅट प्रति चॅनल (डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी), पण ते खरे वॅट हवेत.

हाच हिशेब ८ मीटरला केला तर चौपट, म्हणजे ४० वॅट लागतात आणि १६ मीटरला १६० वॅट. लांबच्या खुर्चीपर्यंत आवाज पोचवायला मोठा ॲम्प घेण्यापेक्षा त्या खुर्चीजवळ आणखी एक स्पीकर लावणे केव्हाही स्वस्त पडते. शिवाय जवळच्यांचे कान किटत नाहीत आणि शेजाऱ्यांपर्यंत गोंगाट जात नाही. दगडाच्या किंवा कुंडीच्या आकाराचे शोभेचे स्पीकर घेणाऱ्यांनी सेन्सिटिव्हिटी आवर्जून बघावी. त्यातले काही ८२ डेसिबलचे असतात. ८८ च्या तुलनेत ६ डेसिबल कमी, म्हणजे तेवढ्याच आवाजाला चौपट वॅट.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे येऊ. आज बाजारात मिळणारे बहुतेक छोटे, स्वस्त ॲम्प क्लास-डी प्रकारचे आहेत. ही जात चांगली आहे. पॉवर सप्लायकडून घेतलेल्या विजेचा ८५-९० टक्के भाग स्पीकरपर्यंत जातो, त्यामुळे गरम कमी होतात आणि मुठीएवढ्या डब्यात मावतात. यांच्यात व्होल्टेज वाढवणारा वेगळा भाग सहसा नसतो. ॲडाप्टर जेवढे व्होल्ट देतो त्याच्या आतच सगळा खेळ. म्हणून स्वच्छ आवाजाची कमाल मर्यादा साध्या गणिताने काढता येते: व्होल्टचा वर्ग करा आणि त्याला ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्टचा ॲडाप्टर आणि ८ ओहमचा स्पीकर असेल तर १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॅट. १९ व्होल्टला साडेबावीस. २४ व्होल्टला ३६. प्रत्यक्षात चिप आणि कॉइलमध्ये थोडे जातेच, तेव्हा २४ व्होल्टला ३० धरा. खोक्यावर १००, २०० काहीही छापलेले असो, आत १२ व्होल्टचा ॲडाप्टर निघाला तर ८ ओहमला ९ वॅटच्या पुढे स्वच्छ आवाज निघणे शक्य नाही. पीएमपीओ (क्षणभरापुरते म्हणून सांगितलेले कमाल वॅट) असे लिहून हजाराच्या घरात दिलेल्या आकड्यांना तर काहीच अर्थ नाही. तो शब्द दिसला की ती वस्तू परत फडताळात ठेवावी.

मोठा आकडा येतो कुठून, हेही कळायला हवे. टीपीए३११६डी२ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप स्वस्त ॲम्पमध्ये सर्रास सापडते. तिच्या माहितीपत्रकात दोन्ही चॅनलना ५०-५० वॅट दिलेले आहेत आणि ते खोटे नाहीत. मात्र ते २१ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला, १० टक्के विकृती धरून दिलेले आहेत. १० टक्के विकृती म्हणजे आवाज उघडपणे फाटलेला असतो. १ टक्क्यावर मोजले तर आकडा साधारण पाचव्या भागाने खाली येतो आणि स्पीकर ८ ओहमचा असेल तर त्याच्याही निम्म्यावर. एवढे वजा केल्यावरही अंगणापुरते भरपूर उरते, म्हणून या चिपचा ॲम्प मी डोळे झाकून सुचवेन, फक्त सोबतचा ॲडाप्टर उघड्या डोळ्यांनी घ्या. तिची मर्यादा २६ व्होल्ट आहे. ‘जास्त व्होल्ट, जास्त वॅट’ म्हणून ३२ किंवा ३६ व्होल्टचा ॲडाप्टर लावला की चिप जळते. त्यापेक्षा जास्त खरोखरच हवे असेल तर टीपीए३२५५ ही थोरली चिप ५३ व्होल्टपर्यंत चालते. ३६ व्होल्टला ८ ओहमवर तिच्यातून ८० च्या आसपास वॅट काढता येतात. साध्या अंगणाला त्याची गरज पडत नाही.

उघडा सर्किट बोर्ड घेणाऱ्यांनी त्यावरच्या मोठ्या गोल कपॅसिटरवर काय छापले आहे ते वाचावे. तिथे २५ व्होल्ट असेल आणि आपण २४ व्होल्टचा ॲडाप्टर लावणार असू, तर तो बोर्ड फार दिवस टिकणार नाही. ३५ व्होल्टचे हवेत. चिपवरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) बोटाने हलवून पाहावा. नीट चिकटलेला नसेल तर अर्ध्या तासाने आवाज आपोआप बंद होतो, थंड झाल्यावर परत येतो आणि माणूस उगाच ब्लूटूथला दोष देत बसतो.

ॲडाप्टरच्या अँपिअरचा हिशेब असा. दोन चॅनलचे मिळून ७२ वॅट, त्यात ॲम्पचे नुकसान धरले की ८० वॅट. २४ व्होल्टला ते सव्वातीनच्या थोडे वर अँपिअर होतात. संगीत सतत एवढे ओढत नाही, पण ठोक्याच्या क्षणी ओढते, म्हणून ४ ते ५ अँपिअरचा ॲडाप्टर घ्यावा. २ अँपिअरचा लावला तर आवाज वाढवल्यावर प्रत्येक जोरदार ठोक्याला ॲडाप्टर स्वतःला वाचवायला बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो. स्पीकरमधून टक-टक येते आणि दिवा लुकलुकतो. घरात जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअरचा गोल पिनचा ॲडाप्टर पडलेला असेल तर तो या कामाला फार चांगला. ८ ओहमला वीस-बावीस वॅट मिळतात आणि पॉवर सप्लायचा खर्चच वाचतो. मात्र पिन बघून घ्या. बाहेरून ५.५ मिलीमीटरच्या दिसणाऱ्या पिनांत आतले भोक २.१ चे असते किंवा २.५ चे. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये जाते खरी, पण सैल बसते, लूज काँटॅक्टमुळे तापते आणि प्लॅस्टिक वितळवते. पिनच्या आतली बाजू प्लस आहे याची खात्री ॲडाप्टरवरच्या छोट्या चित्रावरून करा.

या ॲम्पबद्दल एक धोक्याची गोष्ट माहितीपुस्तिकेत बहुधा नसते. यांचे आउटपुट ब्रिज पद्धतीचे असते, म्हणजे लाल आणि काळ्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज असते. काळे टोक म्हणजे अर्थिंग नव्हे. डाव्या-उजव्या स्पीकरची काळी टोके एकत्र करून चारऐवजी तीनच तारा अंगणात नेणे किंवा काळी तार लोखंडी पाइपला टेकू देणे, दोन्ही चुकीचे. चांगली चिप शॉर्ट ओळखून बंद पडते, साधी जळते. जुन्या पद्धतीचे स्पीकर-सिलेक्टर डबे आणि भिंतीवरचे व्हॉल्यूम कंट्रोल, ज्यांच्यात दोन्ही चॅनलचे काळे आतून जोडलेले असते, तेही या ॲम्पला चालत नाहीत. मल्टिमीटरने डब्याच्या डाव्या आणि उजव्या काळ्या टोकांमध्ये बीप येते का ते पाहिले की कळते.

चार स्पीकर लावायचे असतील तर ओहमचा विचार टाळता येत नाही. एका चॅनलवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, तीन जोडले की पावणेतीनच्या खाली. ४ ओहमला २४ व्होल्टवर टीपीए३११६ अगदी कडेला चालते, तापते आणि मोठ्या आवाजाला बंद पडते. तिथे १९ व्होल्टचा ॲडाप्टरच बरा, कारण ४ ओहमवर त्यातूनही ४० वॅट निघतात. तीन किंवा अधिक स्पीकर एका चॅनलवर सरळ समांतर जोडू नयेत. एकाच बनावटीचे चार असतील तर दोन-दोनच्या जोड्या एकामागे एक जोडून त्या दोन जोड्या समांतर करा. एकूण पुन्हा ८ ओहम येतात आणि ॲम्पला फरक कळतही नाही. वेगवेगळ्या बनावटीचे स्पीकर एकामागे एक जोडले तर एक जोरात, दुसरा हळू आणि दोन्हींचा सूर बिघडलेला, असे होते. स्पीकर आठ-दहा असतील किंवा तारा पन्नास मीटरच्या पुढे जाणार असतील तर १०० व्होल्ट लाइनचा ॲम्प घ्या. त्यात प्रत्येक स्पीकरमागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यांच्या टॅपच्या (ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या जोडणीच्या) वॅटची बेरीज ॲम्पच्या वॅटच्या ८० टक्क्यांत ठेवली की झाले. ८ ओहमचा साधा स्पीकर या लाइनवर थेट लावला तर कॉइल जळते.

ॲम्पवर वाचवलेले पैसे तारेवर घालावेत. इथे लोक नेमके उलटे करतात. अंगण ॲम्पपासून २० मीटर असेल तर वीज जाऊन-येऊन ४० मीटर तांब्यातून जाते. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरचा तेवढ्या लांबीला जवळजवळ १.४ ओहम रोध होतो आणि ८ ओहमच्या स्पीकरला पोचणारी ताकद चौथ्या भागाहून जास्त घटते. दीडच्या वायरला तोच रोध ०.४६ ओहम. नुकसान अर्धा डेसिबल, कानाला कळणारही नाही. तेव्हा ८ ओहमला २० मीटरपर्यंत दीडची, त्यापुढे किंवा ४ ओहमसाठी अडीचची. याहून महाग, सोनेरी वेष्टनातली ‘ऑडिओ’ वायर घेऊन अंगणात काहीही वेगळे ऐकू येणार नाही.

तार शुद्ध तांब्याची आहे ना, हे मात्र बघाच. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली वायर स्वस्त मिळते. तिचा रोध साधारण दीडपट असतो आणि ओल लागली की टोक पांढरट भुकटी होऊन झडते. ओळखायची रीत सोपी आहे. एक धागा ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसले तर ती नको. तोच धागा वाकवून सरळ केला की लवकर तुटतो, तांब्याचा धागा बराच वेळ दाद देत नाही.

जोडताना टोकाचे १० ते १२ मिलीमीटर आवरण काढून धागे घट्ट पिळा. एखादा केसासारखा धागा बाहेर राहून शेजारच्या टोकाला टेकला की तेवढाही शॉर्टला पुरतो. स्पीकरजवळ वायर थेट वरून आणू नका. आधी जोडणीच्या खाली उतरवून मग वर न्या, म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जाते. पाणी उघड्या टोकातून आवरणाच्या आत शिरले की धाग्यांमधून ओढले जाते आणि मीटरभर आतपर्यंत तांबे काळे पडते. आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी किंवा सिलिकॉन ग्रीस याला चांगला इलाज आहे. उन्हात राहणारी वायर काळ्या बाह्य आवरणाची असावी आणि घरच्या विजेच्या तारांसोबत एकाच पाइपमधून ती कधीही नेऊ नये.

स्पीकरवर आयपी ५५ किंवा ६५ असे पाणी-धुळीचे मानांकन असते, त्यामुळे ॲम्पही बाहेर ठेवावासा वाटतो. तो घरात ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात भर उन्हात क्लास-डी सुद्धा तग धरत नाही. बाहेर विजेचा पॉइंट घ्यावाच लागला तर त्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, यात तडजोड नको. ॲम्प घरात आणि फोन अंगणात असला की ब्लूटूथ अडखळतो, हे खरे. साधारण १० मीटरची त्याची पोच भिंतीने आणखी घटते आणि लोखंडी कपाटात ती संपतेच. यावर उपाय म्हणजे ब्लूटूथ नसलेला साधा ॲम्प घ्यावा आणि वेगळा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर खिडकीजवळ ठेवून त्याची आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची ऑडिओ) तार ॲम्पला जोडावी. ब्लूटूथचा भाग बिघडला किंवा जुना झाला तरी ॲम्प फेकावा लागत नाही. रिसीव्हर आणि ॲम्प एकाच ॲडाप्टरवर चालवले तर बारीक चीं-चीं ऐकू येते. रिसीव्हरला स्वतंत्र चार्जर दिला की ती थांबते, नाही थांबली तर आरसीए तारेत ग्राउंड आयसोलेटर (असा आवाज अडवणारा छोटा डबा) घालावा.

नवे काही घेण्याआधी घरात जुना स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओसकट ॲम्प) आहे का ते पाहा. नावाजलेल्या जुन्या यंत्रांवरचे वॅट बहुतांशी प्रामाणिक असतात, ४० लिहिले असेल तर ४० मिळतात, आणि पुष्कळांना ए व बी अशा दोन स्पीकर जोड्यांचे बटणही असते. जड आहेत, तापतात, पण माझ्या मते स्वस्तात याहून चांगला ॲम्प मिळत नाही. तपासायचे ते इतकेच: व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते का (काँटॅक्ट क्लीनरने बहुतेकदा जाते), सुरू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा ‘टक्’ आवाज येतो का आणि स्पीकर न लावता आउटपुटच्या टोकांवर डीसी किती आहे. ५० मिलीव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त वापरा. १०० च्या वर असेल तर आधी दुरुस्ती, मग स्पीकर. गाडीतला जुना ॲम्प मात्र घरी वापरायच्या भानगडीत पडू नये. त्याला १२ व्होल्टवर इतके अँपिअर लागतात की पॉवर सप्लायच ॲम्पपेक्षा महाग पडतो.

स्पीकर जळतात ते बहुधा बेसच्या हव्यासाने. अंगणात भिंती नसल्याने बेस कमी ऐकू येतो, मग माणूस बेसचे बटण ६ डेसिबलने चढवतो. तेवढ्यासाठी ॲम्पला चौपट ताकद द्यावी लागते. ती नसते, आवाजाची शिखरे छाटली जातात आणि छाटलेल्या आवाजातली जादा ऊर्जा ट्वीटरवर (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरवर) येते. ४-५ इंची वूफरमधून (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरमधून) ८० हर्ट्झच्या खालचे काही निघणारच नाही, तेव्हा ते पाठवूच नये. ॲम्पला किंवा फोनमधल्या इक्वलायझरला लो-कट (खालचे सूर कापायची सोय) असेल तर तो वापरा. नसेल तर ८ ओहमच्या प्रत्येक स्पीकरच्या लाल तारेत २२० मायक्रोफॅरडचा, ५० किंवा १०० व्होल्टचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर घाला. ९० हर्ट्झच्या खाली तो हळूहळू आवाज कमी करत नेतो आणि वूफर निवांत चालतो. बेस हवाच असेल तर स्पीकर भिंतीला लागून, कोपऱ्याजवळ, छपराखाली लावा. फुकटात मिळणारा बेस तोच.

अंगणात माणसे विखुरलेली बसतात, त्यामुळे स्टिरिओचा उपयोग होत नाही. उलट एका टोकाला नुसता तबला आणि दुसऱ्याला नुसता आवाज, असे घडते. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असतो तो चालू करावा. ॲम्पच्या आधी डावे-उजवे एकत्र करायचे तर प्रत्येक तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घालूनच करावे. ॲम्पच्या आउटपुटची टोके एकमेकांना जोडून मोनो करायला जाऊ नये.

जोडणी पुरी झाल्यावर, ॲम्पला तारा लावण्याआधी, ॲम्पच्या बाजूच्या टोकांवर मल्टिमीटर लावून ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ ओहम दाखवतो, त्यात तारेचा अर्धा ओहम मिळवा. ४ ओहमला साडेतीनच्या आसपास. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, काहीच आले नाही, आणि वाटेत वर सांगितलेला कपॅसिटर घातलेला नसेल, तर तार तुटलेली किंवा निसटलेली. आकडा बरोबर आल्यावरच तारा लावा, फोनचा आवाज ९० टक्क्यांवर ठेवा, ॲम्पचे बटण शून्यावरून हळूहळू वर आणा आणि आवाज फाटायला लागतो त्याच्या थोडे अलीकडे बटणाशेजारी पेनाने खूण करा.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा वस्तूंबद्दल छापताना वॅटच्या आकड्यासोबत किती ओहमला, किती टक्के विकृतीला आणि किती व्होल्टच्या ॲडाप्टरवर, हे तीन आकडेही छापावेत. उत्पादकाने ते दिले नसतील तर तसेही लिहावे.

आपला विश्वासू,
ध्वनियंत्रणेच्या जोडणी-दुरुस्तीचे काम करणारा एक वाचक